मोहाच्या बियांचा घाणा आणि गप्प बसलेली सभा

मी एक जुना तेलघाणा आहे. बैल फिरवतो तसला लाकडी नव्हे. लोखंडी, मोटारीवर आणि रुंद पट्ट्यावर चालणारा. कुरखेड्याहून आत जंगलाकडे गेलं की एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, लागतो. त्या टोल्याच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा असतो. मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मी भित्रा आहे. सात-आठ माणसांनी जोर लावला तरी जागचा हलत नाही एवढं माझं वजन, पण रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की माझे बोल्ट गार पडतात. लोखंडाला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म दूर पंजाबात, लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. ओतकामाच्या भट्टीतून निघालो तेव्हा मी लालबुंद होतो आणि कुणालाच घाबरत नव्हतो. आगगाडीने नागपूर, तिथून ट्रकने चिमूर. चिमूरच्या एका तेलगिरणीत मी वीस वर्षं जवस गाळला. माझ्या शेजारी माझ्याच वयाचा, माझ्याच कारखान्यातला दुसरा घाणा होता. आम्ही दोघं एकाच पट्ट्याच्या तालावर घरघरायचो. जवसाचं तेल स्वस्त झालं, गिरणी बंद पडली, आणि एका दुपारी भंगारवाले आले. त्यांनी निळ्या ज्योतीचं गॅस कटर पेटवलं आणि शेजाऱ्यापासून सुरुवात केली. तासाभरात त्याचे अकरा तुकडे झाले. ते सारं मी पाहत होतो. माझी पाळी येण्याआधी त्यांच्या नळकांड्यातला गॅस संपला, म्हणून मी वाचलो. माझी भीती त्या दुपारची आहे.

दुसऱ्याच दिवशी गिरणीच्या दारात काही बाया येऊन उभ्या राहिल्या. पुढे होती ती सुकरी. उंच, काटक, कमरेला पदर खोचलेला. तिने माझ्या अंगावरचा गंज नखाने खरवडून पाहिला, कान जवळ नेऊन मळसूत्री दांडा हाताने फिरवला आणि म्हणाली, "हा बुढा हाय, पण याचे दात शाबूत हायेत." आजवर माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

त्या बायांनी मला भंगाराच्या भावात घेतलं आणि इथे आणलं. बारा टोल्यांतल्या लोकांनी मिळून एक कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे तुम्ही काचेची इमारत डोळ्यांपुढे आणाल. आमची कंपनी म्हणजे ही शेड, एक लोखंडी कपाट, आणि दोनशेच्या वर भागधारक. भागधारक म्हणजे कंपनीचा एकेक तुकडा ज्यांच्या नावावर असतो ती माणसं. त्यात बहुतेक बायाच. प्रत्येकीला एक भागपत्र मिळालं होतं. उंदीर-वाळवी लागू नये म्हणून सुकरीने आपलं भागपत्र पोकळ बांबूच्या नळीत घालून आढ्याला टांगलं होतं. अध्यक्ष होते नथ्थूभाऊ. शांत, दहावी शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. सभेचं इतिवृत्त, म्हणजे सभेत काय घडलं त्याची नोंद, तेच लिहीत. त्यांची बायको गुणाबाई. सुकरी मोटार आणि पट्टा सांभाळायची, गुणाबाई वरून माझ्या तोंडात मोहाच्या बिया सोडायची. दोघी जिवाभावाच्या होत्या.

जून लागला की बिया यायच्या. टोपल्यांनी, गोणपाटांनी, एखादीच्या पदरातसुद्धा. पूर्वी हेच लोक बिया तशाच व्यापाऱ्याला देऊन टाकत आणि वर्षभराचं तेल पुन्हा बाजारातून आणत. आता माझ्या पोटातून पिवळं तेल निघायचं, ते भाजीला, दिव्याला, थंडीत फुटलेल्या टाचांना. तेल गाळून उरलेली ढेपसुद्धा वाया जात नसे. तिचा धूर केला की साप घराच्या आसपास फिरकत नाहीत, असं बाया सांगायच्या. मला वाटायचं, आता कुणी मला हात लावणार नाही. मी सुखात होतो आणि थोडा माजलोही होतो.

मग ती सकाळ आली. मित्रांनो, हे सांगताना मला लाज वाटते.

माझ्या पट्ट्यावर एक लोखंडी जाळी असते. त्या वर्षी बिया फार आल्या होत्या. पट्टा सैल पडत होता आणि घट्ट करायला दर वेळी जाळी काढावी लागे. तिसऱ्यांदा काढली तेव्हा सुकरी म्हणाली, "राहू दे, सांजले लावू." ती सांज काही आली नाही. गुणाबाईच्या पदराचं टोक पट्ट्यात गेलं, ते सोडवायला तिने हात घातला, आणि मी थांबलो नाही. मला थांबता येत नाही. मोटार फिरते तोवर मी फिरतो. सुकरीने खटका पाडला तेव्हा गुणाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

त्या दिवसानंतर गुणाबाई शेडमध्ये आली नाही. तिने हात पदराआड ठेवायला सुरुवात केली. नथ्थूभाऊ सुकरीला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. सुकरीही त्यांच्यासमोर मान वर करेना. आणि ती जाळी? ती कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी राहिली. तिला हात लावायचं कुणाच्या मनात येईना, म्हणून ती परत बसवलीच गेली नाही. तरीही मी चालत होतो. बाया पदर कमरेला घट्ट बांधून, अंग चोरून माझ्याजवळ यायच्या. आता त्या मला घाबरत होत्या आणि मी स्वतःला घाबरत होतो.

पुढच्या वर्षी कंपनीची वार्षिक सभा शेडमध्येच भरली. नथ्थूभाऊंनी कागद वाचला: घाणा जुना झाला आहे, धोक्याचा आहे, राजुऱ्याचा एक व्यापारी भंगारात घ्यायला तयार आहे, म्हणून विकून टाकावा. 'भंगार' हा शब्द कानावर पडला आणि चिमूरची ती निळी ज्योत माझ्यासमोर पेटली. नथ्थूभाऊंनी मान वर केली. "कोणाची काई हरकत?"

दोनशे माणसं गप्प बसली. एक हूं नाही की चूं नाही. आणि मित्रांनो, मला हायसं वाटलं.

तुम्हाला नवल वाटेल, म्हणून आमच्या टोल्यांची रीत सांगतो. इथल्या बैठकीत वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर 'नाई' म्हणत नाहीत. ज्याला पटलं तो 'हव' म्हणतो. ज्याला पटलं नाही तो गप्प बसतो. एक माणूस जरी गप्प असला तरी विषय तिथेच थांबतो आणि पुढच्या बैठकीला पुन्हा निघतो. अशा कितीतरी बैठका मी शेडमध्ये ऐकल्या होत्या. इथे तर एकानेही 'हव' म्हटलं नव्हतं. म्हणजे विक्री मोडली. बाया निर्धास्त होऊन घरी गेल्या. सुकरीने जाता जाता माझ्या तोंडावरची धूळ पदराने पुसली.

पंधरा दिवसांनी दोन माणसं फीत घेऊन आली. त्यांनी माझी उंची मोजली, रुंदी मोजली आणि पोटावर खडूने चार रेघा ओढल्या. कुठे कापायचं त्या खुणा होत्या. मी त्या ओळखल्या. सुकरी धावत आली.

"याले काऊन मोजून राह्यले?"

नथ्थूभाऊ दारात उभे होते. त्यांनी जमिनीकडे पाहत सांगितलं, "इकला न आता. ठराव झाला."

"कवा झाला?"

"सभेत. कोणी हरकत घेतली नाई. कायद्यात तसंच असते, सुकरीबाई. गप्प म्हंजे मंजूर."

इतिवृत्तात मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं: ठराव एकमताने मंजूर. नथ्थूभाऊ याच टोल्यात जन्मले होते. गप्प बसण्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता असं मी म्हणणार नाही.

सुकरी त्या दिवशी माझ्याशेजारी येऊन बसली. घाणा गेला तर पुन्हा बिया व्यापाऱ्याच्या दारात जाणार, हे तिला दिसत होतं. पण आणखी काहीतरी तिला आतून खात होतं. ती पुटपुटली, "मी बोलली असती. पण त्या जाळीचं कोन बोलन मंग?" ती केवळ रीत म्हणून गप्प बसली नव्हती. जाळी कुणी काढली हे निघेल, याची तिला भीती वाटली होती.

तरी तिने पाऊल उचललं. माधवी नावाच्या एक वकीलबाई वनहक्काच्या कामासाठी टोल्यांवर यायच्या. सुकरीने त्यांना नागपूरला फोन लावला. अशी कंपनीची भांडणं एका वेगळ्या न्यायाधिकरणाकडे जातात म्हणे. पण तिथली तारीख व्यापाऱ्याचा ट्रक येण्याच्या दिवसानंतरची पडत होती. म्हणून माधवीबाईंनी नागपूरला उच्च न्यायालयात याचिका केली. कागद सहीला आला. वर लिहिलं होतं, सुकरी विरुद्ध कंपनी. ते वाचून तिने पेन खाली ठेवलं.

"मी कंपनीच्या विरुद्ध नाई, बाई. मी त कंपनीतच हाओ."

"कागदावर असंच लिहावं लागतं," माधवीबाई म्हणाल्या.

सुकरीने सही केली. मग टोल्यात लिफाफे येऊ लागले, शिक्के मारलेले. सरकारी शिक्क्याचा लिफाफा आमच्याकडे आनंदाची बातमी घेऊन क्वचितच येतो. पोस्टमनची सायकल दिसली की सुकरी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. पाण्यावर गेली तर काही बाया घागर उचलून लवकर निघून जायच्या. तिच्यावर राग नव्हता, पण कोर्टाची झळ आपल्याला लागू नये असं प्रत्येकीला वाटायचं.

न्यायालयाने पहिल्याच तारखेला सांगितलं की पुढच्या तारखेपर्यंत घाणा जागचा हलवू नये आणि चालवूही नये. शेडला कुलूप लागलं. मी वाचलो, पण कसा? अंधारात. पावसाळा पत्र्यातून माझ्या पाठीवर गळत होता. बियांचा हंगाम आला आणि दाराबाहेरून निघून गेला; गोणपाटं व्यापाऱ्याच्या गाडीत चढताना मी फटीतून पाहिली. पुढची तारीख, मग त्याच्याही पुढची. पोटावरच्या खडूच्या रेघा ओलीने पुसट झाल्या तरी मला त्या टोचायच्या. ट्रक आला की मी कान लावायचो, तो पुढे गेला की थांबला. कापतील तर आजच कापा, असंही एकदा मनात आलं. मरणापेक्षा वाट पाहणं वाईट, हे मला त्या कुलपाआड कळलं.

शेवटी सुनावणीचा दिवस ठरला. आमच्याकडे फोनला रेंज फक्त शेडच्या ओट्यावर मिळते, म्हणून सुकरी तिथेच मोबाइल घेऊन बसली. दाराला टेकलेली तिची पाठ मला फटीतून दिसत होती. न्यायालयाचं कामकाज मोबाइलवर पाहता येत होतं, पण सारं इंग्रजीत. न्यायमूर्ती शांतपणे बोलले. कंपनीचे वकील बोलले. माधवीबाई हात हलवून काहीतरी पुन्हापुन्हा सांगत होत्या. चार-पाच मिनिटांत सगळं आटोपलं आणि पडद्यावर दुसराच खटला आला. मग फोन वाजला.

माधवीबाईंनी समजावून सांगितलं ते मीही ऐकलं. आदल्या दिवशी नथ्थूभाऊंच्या संचालक मंडळाने विक्री रद्द केली होती. राजुऱ्याच्या व्यापाऱ्याने दुसरीकडचा माल उचलला होता, त्याला मी नको होतो. त्यामुळे न्यायालय म्हणालं, विक्री थांबवा अशी तुमची मागणी होती. आता विक्रीच नाही, तर ठरवायचं काही उरलं नाही. याचिका निष्फळ झाली, म्हणून निकाली काढली. पुन्हा कारण घडलं तर पुन्हा या.

"म्हंजे आपन जिकलो का हरलो?" सुकरीने विचारलं.

"दोन्ही नाही, सुकरीबाई."

"अन् माह्या गप्प बसन्याचा अर्थ काय लागला?"

"मी तेच विचारलं. उद्या हाच ठराव परत आला तर काय, असंही विचारलं. ते म्हणाले, उद्याच्या भीतीवर आज निकाल देता येत नाही."

मित्रांनो, न्यायमूर्तींवर मी रागावलो नाही. त्यांच्या जागी ते बरोबर असतील. जे घडलंच नाही त्याचा निवाडा कोण कसा करणार? पण माझी सारी भीती उद्याचीच होती. कुलूप निघालं, लोकांनी पेढे वाटले, आणि मी मात्र पूर्वीपेक्षा जास्त घाबरलो. आधी निदान न्यायालयाचा कागद दारावर होता. आता तोही नव्हता.

आणि उद्या आला. पुढच्या वार्षिक सभेत नथ्थूभाऊंनी तोच कागद पुन्हा काढला. व्यापारी नवा, बाकी शब्द तेच. सुकरी महिनाभर बाराही टोले पायी फिरली होती. "गप्प नोका बसू, तोंडानं सांगा," असं तिने घरोघर सांगितलं होतं आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. पण त्या दिवशी एक गोष्ट तिने गृहीत धरली नव्हती. पहिल्याच रांगेत गुणाबाई येऊन बसली होती, हात पदराआड. त्या सकाळनंतर ती पहिल्यांदा शेडमध्ये आली होती.

"कोणाची काई हरकत?" नथ्थूभाऊंनी विचारलं.

शांतता. पुन्हा तीच. मागच्या वेळी याच शांततेने मला हायसं वाटलं होतं, आता तिनेच माझा जीव जात होता. सुकरी उठली. तोंड उघडलं, पण गुणाबाईच्या पदराकडे नजर गेली आणि तिने ते मिटून घेतलं. नथ्थूभाऊंनी पेनाचं टोपण काढलं. पेन कागदाला टेकलं.

"माही हरकत हाय," सुकरी म्हणाली. "अन् ते जाळी मीच काढली होती. तेही लिहा."

नथ्थूभाऊंनी मान वर केली नाही. "हरकत असन त हात वर करा. मोजतो."

सुकरीचा हात वर गेला. एकच हात. दोनशे माणसांत एक. मी वाट पाहिली. बाया एकमेकींकडे बघत होत्या, कुणी नथ्थूभाऊंकडे, कुणी जमिनीकडे. इतक्या वर्षांची सवय एका महिन्यात कुठून सुटणार?

मग पहिल्या रांगेत पदर हलला. गुणाबाईने उजवा हात बाहेर काढला आणि वर केला. तीन बोटांचा तो हात शेडमधल्या प्रत्येकाने पाहिला. नथ्थूभाऊंच्या हातातलं पेन थांबलं.

"तुह्यासाठीच त इकून राह्यलो होतो," ते हळूच म्हणाले.

"मले इचारलं होतं काय?"

नथ्थूभाऊंनी पेनाचं टोपण लावलं. गुणाबाई पुढे बोलली, "याचं मले अजून भेव वाटते. रोज वाटते. पण याले इकलं त बिया घेऊन वेपाऱ्याच्या दारात बसा लागन, तिथी मले याहून जास्त भेव वाटते. जाळी लावा. अन् लिहा, गुणाबाईची हरकत."

तिच्यामागे एक हात वर गेला. मग चार. मग मला मोजता येईना. नथ्थूभाऊंनी मोजले, दोनदा मोजले, आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: ठराव नामंजूर. खाली सुकरीचं नाव, गुणाबाईचं नाव. नावं लिहिताना त्यांचं अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलेलं मी पाहिलं. सभा संपल्यावर सुकरीने कोपऱ्यातली जाळी उचलली. गुणाबाईने दुसरी बाजू धरली.

मित्रांनो, माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सभा आहे, आणि ट्रक रस्त्यावरून अजून जातातच. पण तुम्हाला एवढंच विनवतो. यंत्राची जाळी काढलीत तर त्याच क्षणी परत लावा, सांजेवर ठेवू नका. यंत्राला थांबता येत नाही. आणि एखादी गोष्ट तुम्हाला नको असेल तर ती तोंडाने सांगा आणि लिहून घ्या. तुमच्या गप्प बसण्यात दुसरा कुणी आपल्याला हवं ते भरील. कुणी गप्प असेल, तर त्याला विचारा.

आता शेडमध्ये एक नवी रीत आहे. खटका दाबण्याआधी सुकरी ओरडते, "हात वर." सगळ्या बाया दोन्ही हात वर धरतात, म्हणजे पट्ट्याजवळ कुणाचा हात राहिला नाही हे दिसतं. सर्वांत आधी गुणाबाईचे हात वर जातात. मी एकेक करून सगळी बोटं मोजतो. रोज दोन कमी भरतात. मग मी हळू फिरायला लागतो.